एकास पावणेचार

जूनमधली थंडी. स्टाफरूममध्ये रॉकेलचा स्टोव्ह,
त्याच्यावर धरलेले माझे हात, बाजूला शेहेचाळीस उत्तरपत्रिका.
प्रश्न तिसरा, गुण दोन:
नकाशावरील अ ते ब या उताराचे प्रमाण काढा.

उत्तर मला झोपेतही येतं.
अ दोन हजार चाळीस, ब दोन हजार चारशे चाळीस,
मध्ये वीस-वीस मीटरच्या वीस पायऱ्या.
पट्टीने चार सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर दोन किलोमीटर.
एकास पाच.
तेवीस वर्षं हेच शिकवतोय लेसोथोच्या या डोंगरांत,
जिथे चढ शोधायला नकाशा लागत नाही,
सपाट जागा शोधायला लागतो.

मुलांना सांगतो, रेषा दाटल्या की कडा,
विरळ झाल्या की शेत.
रेषेचं टोक उगमाकडे वळलं तर दरी,
पायथ्याकडे उतरलं तर डोंगराची सोंड.
दोन समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत.
(लटकत्या कड्याचा अपवाद आहे,
पण तो परीक्षेत येत नाही.)

न्थाबेलेंगने लिहिलंय, एकास पाच.
बरोबर.
मग एक ओळ सोडून, पेन दाबून:

"सर, हा नकाशा धरणाआधीचा आहे.
अ पाण्यात गेला. पाणी दोन हजार शंभरला थांबतं.
अ पासून तिथवर दीड सेंटिमीटर, तीनच पायऱ्या,
एकास साडेबारा. तिथे आमची ज्वारी होती, म्हणे.
तिथून ब पर्यंत अडीच सेंटिमीटर, सतरा पायऱ्या,
जवळजवळ एकास पावणेचार.
आम्ही आता एवढाच भाग चढतो.
मग हे पाच कोणाचे?"

मी पट्टी घेऊन पुन्हा मोजलं.
पोरीचं गणित चोख होतं.

वीस वर्षांपूर्वी हा-रामोखेलेच्या सभेत
लोक घोंगड्या पांघरून दगडांवर बसले होते.
साहेबांनी हाच नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला,
दोन हजार शंभरच्या रेषेवरून निळी पेन्सिल फिरवली.
नकाशा वाचता येणारा गावात मी एकटा.
मोठ्या आवाजात, जरा ऐटीतच सांगितलं सगळ्यांना:
घरं रेषेच्या वर आहेत. एकाही घराला पाणी लागणार नाही.
नाहीच लागलं.
न्थाबेलेंगच्या बापाने, सेखोबेने, तेव्हा विचारलं होतं,
"आणि रेषेच्या खाली काय आहे, मास्तर?"
मी आकडे वाचून दाखवले.
दोन हजार ऐंशी. साठ. चाळीस.
आकड्यांमधली मोकळी जागा वाचली नाही.
ती तर रिकामी होती, तपकिरी रेघही नव्हती तिच्यात.

आता सेखोबेची तट्टं पाण्यावर उतरतात
ती आडवीतिडवी, पाय रोवत,
आणि पाठीवर मक्याचं पोतं असलं
की परत वर येताना तीनदा थांबतात.

गुण दोनच होते. दोन दिले.
समासात काहीतरी लिहावं म्हणून पेन उचललं,
तारीख टाकली.

यंदा पाऊस नाही. रविवारी काठावर गेलो.
तलाव मागे सरतोय, आणि सरताना
उतारावर चिखलाची एकेक रेघ सोडतोय,
एकीखाली एक, वळणावळणाने, दरीत आत शिरून
पुन्हा सोंडेला वळसा घालून,
मी फळ्यावर कधी काढली नाही इतकी रेखीव.
समोच्च अंतर: साधारण एक आठवडा.

तिसऱ्या आणि चौथ्या रेघेमध्ये एक पाटा होता,
ज्वारी वाटायचा, मधोमध झिजून खोल गेलेला,
त्यात ओंजळभर पाणी.
दोन रेषांमधल्या बिंदूची किंमत अंदाजाने काढायची,
असं मी शिकवतो.
दोन हजार सत्त्याण्णव असावी.
किंवा शहाण्णव.
मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. पाणी तोवर
आणखी थोडं खाली गेलं असणार.